डंकनचा डावा हात

डंकन आठ वर्षांचे असताना स्कॉटलंडमधल्या एका खेड्यात वडिलांनी त्यांच्या गळ्यात ॲकॉर्डियन अडकवलं. तिथल्या लोकनृत्यांच्या चाली वाजवतच ते अमेरिकेत आले, नेपरव्हिलमध्ये स्थिरावले आणि दर शनिवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये नाचणाऱ्यांसाठी वाजवत राहिले. गेल्या जानेवारीत, एकोणऐंशीव्या वर्षी, त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात वाचला, डावा लुळा पडला. भाता ओढायचा आणि साथीची बटणं दाबायची ती डाव्यानंच. वाजवणं संपलं.

सुलभाताई चार वर्षं त्या हॉलमध्ये नाचत होत्या. मुलाकडे, सिद्धेशकडे, राहायला आल्यावर घरात बसून जीव विटला, म्हणून सलवार-कमीजवर स्पोर्ट्स शूज घालून एकदा गेल्या, त्या जातच राहिल्या. आता तिथे स्पीकरवर रेकॉर्डिंग लागायचं आणि त्या दर वळणाला मागे पडायच्या.

डंकनना भेटायला गेल्यावर त्यांनी हे सांगितलं.

"रेकॉर्डिंगला पाय दिसत नाहीत," डंकन म्हणाले. "तुम्ही दुखऱ्या गुडघ्यानं वळायला लागलात की मी किंचित रेंगाळायचो."

आपला गुडघा सुधारला, असंच सुलभाताई इतके दिवस समजत होत्या.

घरी येऊन त्यांनी भजनाची पेटी बाहेर काढली.

"आई, ते आजारी आहेत. उगाच इमोशनल नको करूस त्यांना," सिद्धेश म्हणाला.

"बरं. पण पेटी जड आहे, गाडीनं सोड."

डंकनच्या घरी टेबलावर पेटी ठेवून त्या त्यांच्यासमोर बसल्या. "भाता मी मारते. पट्ट्या तुमच्या."

सवयीनं त्यांनी भजनासारखा संथ भाता दिला. नाचाची चाल पेंगायला लागली.

"मला झोपवताय का?" डंकन वैतागले.

"मग कसा हवा ते नीट सांगा ना!"

डंकननी उजव्या पायानं जमिनीवर ठेका धरला. आखूड, झटक्याचा भाता जमायला तीन आठवडे गेले. एकदा तर डंकननी पेटी ढकलूनच दिली. "डावा हात नाही तर साथ नाही. हे अर्धंच वाजतंय."

"अर्ध्यावर नाचू आम्ही," सुलभाताई म्हणाल्या आणि पेटी पुन्हा पुढे सरकवली.

मे महिन्यातल्या एका शनिवारी हॉलमधला स्पीकर बंद करून दोघं पेटीशी बसले. पेटीचा आवाज ॲकॉर्डियनपेक्षा बारीक. जमलेले बाराही जण कान देऊन नाचायला लागले. सुलभाताईंना मात्र बसून राहावं लागलं. पाय शिवशिवत होते. पण समोर डंकनची नजर पट्ट्यांवर नव्हतीच, ती जमिनीलगत फिरत होती. काठी टेकत नाचणारी एक बाई वळायला आली तशी त्यांची बोटं रेंगाळली, आणि कुणी न सांगता सुलभाताईंचा हातही सैलावला. बाई वळली. चाल पुढे निघाली.

तीन नाचांनंतर डंकन दमले. उरलेले नाच स्पीकरवर झाले, आणि त्यात सुलभाताई नाचल्या.

परतताना गाडीत डंकन म्हणाले, "पुढच्या शनिवारी चार वाजवू."

"तीनच," सुलभाताई खांदा चोळत म्हणाल्या.

घर येईपर्यंत डंकन भांडत होते.