सुतकुदुकचं गुणकारी पाणी

आमच्या गावाचं नाव सुतकुदुक, म्हणजे दुधाची विहीर. ज्याने हे नाव ठेवलं त्याने एक तर विहीर पाहिली नसावी, नाही तर दूध. आमच्या नळाला येतं ते पाणी एरवी कोऱ्या चहासारखं, आणि डोंगरावरचा बर्फ वितळू लागला की दूध घातलेल्या चहासारखं. बादलीत ठेवून दिलं की तळाला गाळ बसतो. वरचं अलगद ओतून घ्यायचं, खदखदून उकळायचं आणि अल्लाचं नाव घेऊन प्यायचं. उकळायचा कंटाळा करणारे पुढे दवाखान्यात भेटतात. तिथे नळ तोच.

मी रायकान. बालवाडीत स्वयंपाक करते. पोरं सूप पिताना विचारतात, "यात मांस आहे का?" मी सांगते, "नाही रे, तो पाण्याचाच रंग आहे."

आमच्या दुमजली इमारतीला लागून पाणीखात्याच्या प्रमुखांचा बंगला. जोल्दोशबेक साहेब. हिवाळ्यात सगळी गल्ली कोळसा आणि शेणाच्या गोवऱ्या जाळून खोकते, तेव्हा साहेबांच्या घरातली फरशी सुद्धा पायाला उबदार लागते. मागच्या अंगणात काचेची खोली, आणि त्यात लिंबाची झाडं. बाहेर थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते, आणि आत पिवळीधमक लिंबं. साहेब आल्यागेल्याला एकेक लिंबू देत, तेही असं की जणू पदक देतायत.

पाण्याची तक्रार घेऊन आम्ही बायका त्यांच्या कचेरीत गेलो होतो. साहेबांनी बाटलीतलं दुकानातलं पाणी ग्लासात ओतलं, घोट घेतला आणि म्हणाले, "पाणी नियमात बसतं."

माझ्या खालच्या मजल्यावर राहणारी तुर्सुनबू आपा म्हणाली, "नियमात बसत असेल रे बाबा. माझ्या पोटात बसत नाही."

बाहेरच्या कुठल्याशा देशाने मदत दिली म्हणून अखेर नवा पाइप आला. मोठ्या रस्त्यापासून गल्लीच्या तोंडापर्यंतचा गंजका लोखंडी पाइप उखडला आणि तिथे निळा प्लास्टिकचा घातला. गल्लीतलं लोखंड तसंच राहिलं, कारण मदत लांबून येते, वाटेत दमते. लाल फीत कापली, मेंढा कापला, भाषणं झाली. दुसऱ्या दिवशी नळ सोडला तर पाणी पूर्वीसारखंच, तपकिरी. फक्त एक सुधारणा झाली होती. नळाला ओला हात लावला की बोटांना मुंग्या यायच्या.

मला ते आवडलं नाही. आपाला मात्र फारच आवडलं. तिचे गुडघे वर्षानुवर्षं धरलेले. अंगणातल्या नळाखाली घमेल्यात पाय सोडून, एक हात नळावर ठेवून ती बसली आणि उठून म्हणाली, "पोरी, कसं सुरसुरतंय बघ! गुडघा मोकळा झाला."

"आपा, पाण्याला रंग नसावा, वास नसावा," मी म्हटलं. "आणि झिणझिण्या तर नसाव्यातच."

"तू स्वयंपाकीण. तुला औषधातलं काय कळतं?"

मी साहेबांना गाठलं. ते म्हणाले, "अहो रायकान, नव्या पाइपामुळे पाण्यातलं चैतन्य जागं झालंय. याला प्रगती म्हणतात. तुम्ही बायका गाळ आला तरी रडता, गुण आला तरी रडता."

साहेबच म्हणाले म्हटल्यावर काय विचारता! आसपासच्या खेड्यांतून लोक येऊ लागले. कुणाची कंबर, कुणाचा खांदा, एकाला तर सुनेशी पटत नव्हतं. आपा नळापाशी गादी टाकून बसायची आणि हुकूम सोडायची. "उजवा हात लाव, डाव्याने गुण येत नाही. तू जाडा आहेस, जरा जास्त वेळ बस." लोक तिला नान, साय, वाळवलेल्या जर्दाळूंच्या पुड्या द्यायचे. डब्यांत पाणीही भरून न्यायचे. ते गाळकट पाणी आता कुणी उकळेनासं झालं. उकळलं की म्हणे चैतन्य मरतं. पोटं बिघडली तर आपा सांगायची, "आतली घाण बाहेर पडतेय." मी बालवाडीत गुपचूप उकळतच राहिले.

पहिला बर्फ पडला तशी अंगणात बसायची सोय संपली. साहेबांच्या लिंबांना थंडी सोसत नाही. काचेच्या खोलीत दिवसाही लालसर उजेड दिसू लागला. त्या दुपारी मी नूडल्ससाठी पीठ लाटत होते आणि खालून काही तरी आपटल्याचा आवाज आला. हाक मारली तर उत्तर नाही. तशीच लाटणं घेऊन खाली धावले.

आपा न्हाणीतल्या लोखंडी टबाच्या कडेवर बसली होती. पाय पाण्यात, मूठ नळावर आवळलेली. खाली तांब्या पडला होता. दात घट्ट मिटलेले, डोळे माझ्याकडे लागलेले, आणि अंग थरथरतंय. माझा हात पुढे गेला होता. कसा आवरला ते मला अजून कळत नाही. लाटणं उचललं आणि तिच्या मनगटावर जीव खाऊन हाणलं. मूठ सुटली. आपा मागे कोसळली.

मी तिला काखेत धरून बाहेर ओढलं. तळहात भाजून पांढरा पडला होता. बराच वेळ ती नुसती धापा टाकत राहिली, मग म्हणाली, "तू मला लाटण्याने मारलंस?"

"हो आपा."

"सुनेने सुद्धा कधी मारलं नाही."

मग ती रडली. मी पण रडले. तिच्या शेजारी फरशीवरच बसले.

डॉक्टरांनी हात बांधला. वीजखात्याचा तंत्रज्ञ सोओरोन आला. त्याने इमारतीचं मुख्य बटण पाडलं. सगळी घरं अंधारली. मग दिव्याची एक तार नळाला लावली, दुसरी जमिनीत ठोकलेल्या खिळ्याला, तर दिवा लखकन पेटला.

"घरात वीज नाही, नळात आहे," सोओरोन म्हणाला. "आता शेजाऱ्यापाजाऱ्यांची बंद करून बघू."

सगळी गल्ली त्याच्या मागे निघाली. एकेक घराची वीज बंद करायची आणि दिवा विझतो का बघायचं. विझेना. शेवटी साहेबांचं दार. त्यांची बायको नुरिपा दारात येऊन म्हणाली, "साहेब मीटिंगला गेलेत." तेवढ्यात साहेबच तिच्या मागून बाहेर आले. अंगात नुसतं बनियन. बाहेर बर्फ!

"माझ्या घरावर संशय?" ते कडाडले. "या, मीटर बघा. वीज मी वापरतच नाही. काटा सुद्धा हलत नाही!"

आम्ही पाहिलं. खरंच हलत नव्हता.

हात गळ्यात बांधलेली आपा गर्दीतून पुढे आली आणि म्हणाली, "मग तुझ्या लिंबांना काय तुझी सासू फुंकर घालते?"

सोओरोन आत गेला. न्हाणीत पाण्याच्या पाइपाला अंगठ्याएवढी जाड तार पट्टीने आवळलेली. मीटरला चकवून वीज वापरायची आणि ती परत सोडायची पाण्याच्या पाइपात. लोखंडी पाइप होता तोवर ती मुकाट जमिनीत जिरत होती. स्वतःच फीत कापून साहेबांनी प्लास्टिक घातलं आणि तिची वाट बंद केली. मग ती आमच्या नळांतून वाट शोधू लागली. सोओरोनने तार कापली, दिवा विझला.

"तो पाणी शुद्ध करायचा प्रयोग होता," साहेब म्हणाले.

चौकशी समिती आली. लिंबाचा चहा प्याली. निष्कर्ष निघाला, की नागरिकांनी ओल्या हातांनी नळ हाताळल्यामुळे दुर्घटना घडली. दवाखान्यात, शाळेत, प्रत्येक जिन्यात फलक लागले, "ओल्या हाताने नळाला स्पर्श करू नये." साहेबांची जिल्ह्याच्या गावी बदली झाली. तिथे ते आता घरगुती सुरक्षिततेच्या मोहिमेचे प्रमुख आहेत. आवाज खणखणीत असल्यामुळे शोभतात.

आम्ही गल्लीकरांनी सोओरोनला धरून जाड लोखंडी सळ्या जमिनीत ठोकून घेतल्या आणि पाइपांना जोडल्या. आता झिणझिण्या नाहीत. गाळ आहे. प्यायला आम्ही टेकडीखालच्या झऱ्याचं आणतो, तेही उकळून.

आपाची बोटं पुरती मिटत नाहीत. डबा धरवत नाही, तरी झऱ्यावर येते, रांग लावायला कुणी तरी हवं म्हणून. परवा रांगेच्या शेवटी नुरिपा उभी होती. साहेबांनी तिला अजून तिकडे नेलेलं नाही. नेणार आहेत असंही कुणी ऐकलेलं नाही. बायका तिच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. आपा तिच्याकडे बघत राहिली, मग ओरडली, "ए, लांब काय उभी राहतेस? चल, माझा डबा उचल. तुझ्या घरच्यामुळेच उचलवत नाही मला."

नुरिपाने एका हातात आपला आणि दुसऱ्या हातात आपाचा डबा उचलला. चढावर दोघी पुढे गेल्या. आपा सारखी मागे वळून तिला सांगत होती, सांडू नको, सांडू नको.