तीन आट्यांवरचं चाक

पळस्पे फाट्याजवळच्या टायरच्या दुकानात मनिषा सकाळपासून एकटीच होती. नवरा दीपेश आपट्याला, बहिणीच्या घरी वास्तुशांतीला गेला होता. एकटीनं दुकान सांभाळणं तिला नवं नव्हतं. विचुंब्याहून लग्न होऊन आली त्याला सतरा वर्षं झाली होती, आणि त्यातली पंधरा ती टायर उतरवत-चढवत होती. ओळखीचे ट्रकवाले आता तिच्या हातात पाना बघून दचकत नसत.

त्या दिवशीचं काम मात्र रोजचं नव्हतं. खारघरचे इंद्रजीत साहेब गाडीमागे ओढायचा कॅम्पिंगचा ट्रेलर घेऊन आले होते. पांढरी चौकोनी खोलीच ती. आत पलंग, गॅस, भांडी घासायची छोटी मोरी आणि खाली फक्त दोन चाकं. जुनी चाकं लहान, लोखंडी रिमची, आणि टायर त्या वजनाला पुरे पडत नव्हते. साहेबांनी मोठ्या अ‍ॅलॉय रिम आणि जास्त वजन पेलणारे टायर आधीच मागवून ठेवले होते. साडेदहाला काम झालं आणि ते बायकोला, सुमतीला, शेजारी बसवून श्रीवर्धनच्या वाटेला लागले.

पंधरा-वीस मिनिटांनी मनिषा जॅक उचलायला वाकली, तर त्याच्यामागे एक खाकी पुडी पडलेली दिसली. हातात घेतल्यावर वजनावरूनच तिला कळलं. तरी तिनं ती उघडली. आत पाच नवे लांब बोल्ट होते.

तिनं ते दोनदा मोजले.

अ‍ॅलॉयची रिम लोखंडी रिमपेक्षा जाड असते. जुने बोल्ट तिला आखूड पडतात. टोकाच्या पेचाचे तीनेक आटे काय ते आत शिरतात. म्हणून तर एकेका चाकाला पाच असे नवे बोल्ट आणले होते. डावं चाक तिनं नीट बसवलं होतं. उजवं नुसतं जागेवर धरून ठेवायला तिनं जुनेच बोल्ट हातानं फिरवले, आणि तेवढ्यात नणंदेचा, शकूचा फोन आला. जेवायला तरी ये, म्हणून शकू हट्ट धरून बसली. फोन खिशात टाकेपर्यंत साहेब घड्याळ बघत उभे होते. मनिषानं पाना लावला, पुरेसं आवळलं की वाजतो तसा तो कट्कन वाजला, आणि बोल्ट बसले असं ती समजून गेली. तीन आट्यांवरही पाना वाजतो, हे तिला माहीत नव्हतं असं नाही.

तिनं साहेबांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. सुमतीचा नंबर तिच्याकडे नव्हता. पुन्हा लावला, तर संपर्कक्षेत्राच्या बाहेर. म्हणजे ते कर्नाळ्याच्या खिंडीजवळ पोचले असणार.

आणि मग तिला आजी आठवल्या. साहेबांच्या आई, चंद्रावती. पाय सुजलेले म्हणून काम चालू असताना त्या बाहेर खुर्चीवर बसल्या होत्या, आणि चाकं जमिनीवर टेकल्यावर ट्रेलरमधल्या पलंगावर जाऊन आडव्या झाल्या होत्या. "चालत्या ट्रेलरमध्ये कोणी बसायचं नाही बरं," असं मनिषानं सुमतीला सांगितलं होतं, आणि सुमतीनं मान डोलावली होती. पण गाडी निघेपर्यंत आजींना खाली उतरताना मनिषानं बघितलंच नव्हतं.

शटर अर्धं ओढून, बोल्ट आणि पाना डिकीत टाकून तिनं स्कूटर काढली. आरसा नीट करायलाही न थांबता ती गोव्याच्या रस्त्याला लागली. ट्रेलर ओढणारी गाडी पन्नासच्या वर जात नाही, असं ती मनाशी म्हणत होती. डोळ्यांसमोर मात्र एकच चित्र येत होतं. उजवं चाक सुटून पुढे एकटंच धावतंय, ट्रेलर त्या बाजूला कलंडतोय, आणि आत आजी.

खिंडीच्या अलीकडे शहाळीवाल्याजवळ ती क्षणभर थांबली.

"दादा, पांढरा डबा गेला काय गाडीमागं?"

"गेला ना. इथंच शहाळी प्यायले. दोन-तीन मिंटं झाली असतील."

"डब्यात कोन होता?"

"एक म्हातारी. तिचा शहाळा आतच नेऊन दिला." तो कोयता पुसत म्हणाला, "चाक हालतंय त्याचा. मी सांगनार होतो, पन निघाले ते."

मनिषानं स्कूटर दामटली. खिंडीत एवढ्या वेगानं ती कधी गेली नव्हती. प्रत्येक वळणाला तिला वाटे, आता पुढे गर्दी दिसणार, थांबलेल्या गाड्या दिसणार. वळण संपे आणि रस्ता मोकळा असे, तरी भीती तसूभर कमी होत नव्हती. ती फक्त पुढच्या वळणावर सरकत होती.

तारा गाव मागे पडल्यावर तिला ट्रेलर दिसला. मागून बघताच तिला सगळं कळलं. डावं चाक सरळ फिरत होतं. उजवं मात्र वरून आत, खालून बाहेर, असं डोलत होतं. पुढे तीनेक किलोमीटरवर खारपाड्याचा पूल होता आणि पुलाखाली पाताळगंगा. तिथे हे चाक निसटलं तर काय, हा विचार तिनं पुरा होऊ दिला नाही.

हॉर्न वाजवत ती उजवीकडून गाडीच्या बरोबरीला आली आणि हातानं थांबायची खूण केली. इंद्रजीतनी एकदा तिच्याकडे बघितलं, काच वर केली आणि वेग वाढवला. चाक हलतंय, तेल गळतंय असं सांगून हायवेवर लुटणाऱ्यांच्या गोष्टी त्यांनीही ऐकल्या असणार. हेल्मेट आणि तोंडाला स्कार्फ, तिला ओळखणार तरी कसं?

वेग वाढला तसं चाक जास्तच डोलू लागलं. आता त्याचा आवाजही येत होता, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा. ट्रेलरच्या खिडकीचा पडदा सरकला आणि काचेवर एक सुरकुतलेला हात टेकला.

मनिषानं वेग कमी केला, मागून वळसा घेऊन डाव्या बाजूला आली, एका हातानं हेल्मेटची काच वर केली आणि स्कार्फ ओढून काढला. तो वाऱ्यानं उडून गेला.

"सुमतीताई, मी टायरवाली," ती बेंबीच्या देठापासून ओरडली. "हळूहळू थांबवा. ब्रेक जोरात नका दाबू."

सुमतीचा चेहरा आधी गोंधळला, मग पांढरा पडला. तिनं नवऱ्याचा दंड धरला. गाडीचा वेग उतरू लागला. साठ, चाळीस, वीस. पूल समोर दिसत असताना गाडी कडेच्या मातीत उभी राहिली.

पाच बोल्टांपैकी तीनच जागेवर होते. त्यातले दोन तिनं बोटांनी फिरवून काढले.

सुमती दार उघडून सासूला खाली घेत होती. आजींना धड उभंही राहवत नव्हतं. "मी हाका मारत होते," त्या म्हणाल्या. "कोणाला ऐकूच जाईना."

इंद्रजीत चाकाकडे बघत होते. "काय झालं हे?"

रिममध्ये दोष होता, असं म्हणता आलं असतं. रस्ता खराब होता, असंही. मनिषाच्या जिभेवर दोन्ही येऊन गेलं. भीती होतीच, पोलीस, दुकान, चारचौघांत नाव, सगळ्याची. तिनं डिकीतली पुडी काढून त्यांच्या हातात दिली.

"चूक माझी हाय, साहेब. हे बोल्ट लावायचे होते. मी जुनेच आवळले."

ते पुडीकडे बघत राहिले. "आई आत होती," एवढंच ते म्हणाले, आणि तेही हळू आवाजात. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"तिला आत आपणच बसवलं होतं," सुमती म्हणाली. "यांनी नको म्हणून सांगितलं होतं मला."

मनिषा पुन्हा चाकाशी वाकली.

रिमची भोकं घासून लांबट झाली होती. नवे बोल्ट लावूनही त्या चाकावर ट्रेलर पुढे नेता आला नसता. शेवटी नवे बोल्ट तात्पुरते आवळून तो पुलाअलीकडच्या एका ढाब्याच्या आवारात, माणूस चालेल इतक्या सावकाश नेऊन उभा केला. आजींना गाडीत मागच्या सीटवर बसवलं, आणि ते तिघं श्रीवर्धनला न जाता घरी परतले. निघताना सुमतीनं मनिषाचा खांदा दाबला. इंद्रजीतनी मागे वळून बघितलं नाही. पुढे त्यांनी ट्रेलरचं काम कळंबोलीत दुसऱ्याकडून करून घेतलं. त्यात मनिषाला वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं.

ते गेल्यावर तिनं दीपेशला फोन केला. ती ढाब्याच्या बाकावर बसली आणि तासभर उठलीच नाही.

दीपेश आपट्याहून रिक्षानं आला. त्यानं वाकून रिमची भोकं बघितली, अंगठा फिरवला.

"किती आटे धरलेले?"

"तीन."

त्यानं स्कूटरची चावी तिच्या हातातून घेतली. "चल. मी चालवतो."

ती मागे बसली. रोज ती एका हातानं कॅरिअर धरून बसायची; आज तिनं दोन्ही हातांनी त्याला धरलं. खिंडीच्या पहिल्याच वळणावर ती म्हणाली, "अवो, हळू घ्या."

"हळूच चाललाव."

"आनखी हळू," मनिषा म्हणाली.