नऊ पहारेकऱ्यांची एक बॅग

नाणं डाव्या पडद्यावरून गेलं आणि उजव्या पडद्यावर उगवलं, तसा हॉल टाळ्यांनी दणाणला. खुर्च्या संपल्यामुळे माणसं भिंतींना टेकून उभी होती, सगळ्यांनी आ वासलेला. पुढच्या रांगेतल्या निवृत्त पोस्टमास्तरांनी तर चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"दोन ब्लॉकचेन, म्हणजे डिजिटल नाण्यांच्या दोन हिशेबवह्या, दोन वेगळी विश्वंच," किल्लीवाल्याचा साडू माईक गोंजारत म्हणाला. "एकीला दुसरीची खबर नाही. आमचा पूल तुमचं नाणं अलगद पलीकडे नेतो. पहाऱ्याला नऊ जण, नऊ शहरांत, प्रत्येकाकडे आपापली किल्ली. पाच जणांनी होकार दिल्याशिवाय इथलं पानही हलत नाही."

शेवटच्या रांगेत बसलेला किल्लीवाला जळत होता, हे लपवण्यात अर्थ नाही. बाजाराच्या कोपऱ्यात चार फुटांची टपरी, बावीस वर्षं कुलपं उघडून बोटांना पडलेले घट्टे, आणि आजवर त्याच्यासाठी कुणी एक टाळी वाजवली नव्हती. साडूचा कोट, साडूचं हसू, सगळंच त्याला टोचत होतं. सगळ्यात जास्त टोचत होता शेजारी बसलेल्या बायकोचा चेहरा. त्याच्याकडे तिने असं कधीच पाहिलं नव्हतं.

"सभा संपली की माझे शिवणकामाचे पैसे पुलावर ठेवणार," ती म्हणाली. "भावजी म्हणालेत, दुकानाला भाड्याचा गाळा कशाला, व्याजावर वर्षभरात स्वतःचा घेशील."

"जरा थांब."

"जळू नका हो. भावजींचं काही चांगलं झालं की तुमचं तोंड कडू होतं."

खरंच होतं ते. म्हणून तर तो चार दिवस गप्प होता. सोमवारी साडूच्या ऑफिसातल्या ड्रॉवरचं कुलूप अडकलं, तेव्हा यालाच बोलावणं आलं. कुलूप निघालं. आत एक काळी बॅग, बॅगेत अंगठ्याएवढी नऊ यंत्रं, प्रत्येकावर एकेका शहराची चिठ्ठी, आणि एका कागदावर नऊ पिन. साडू घाईघाईने म्हणाला होता, "मोठी माणसं ती. कुणी विमानात, कुणी झोपेत. होकार द्यायला चार-चार तास लावायची, गिऱ्हाईक कटकट करायचं. म्हणून सोयीसाठी सगळ्या किल्ल्या माझ्याकडेच मागवून घेतल्या." किल्लीवाल्याला आधी आसुरी आनंद झाला आणि मग त्या आनंदाचीच लाज वाटली. आपण जळतो म्हणून तर आपल्याला असं दिसत नाही ना?

बायकोने पर्समधून फोन काढला. तेव्हा मात्र तो उठला.

"साडूभाऊ, आणखी एकदा नाणं न्या. फक्त तुमच्या खुर्चीखालची ती काळी बॅग आधी दाराबाहेर ताईंच्या हातात द्या."

"बॅगेचा काय संबंध?"

"काहीच नसेल तर उत्तमच."

"साडूसाडूंचं काहीतरी दिसतंय," कुणीतरी हसलं. पण पोस्टमास्तर म्हणाले, "द्या की हो. आमचं काय जातंय."

सगळे बघत होते, नाही म्हणणार कसं? ताई, म्हणजे साडूची बायको, बॅग घेऊन बाहेर गेली. साडूने बटण दाबलं. डाव्या पडद्यावरचं नाणं गेलं. उजवा पडदा कोरा. पाच मिनिटं झाली. "नेटवर्क मंद आहे," साडू म्हणाला. दहा मिनिटं झाली. साडूची नजर पुन्हा पुन्हा दाराकडे जात होती.

"नऊ शहरांतले नऊ जण एकदमच झोपले का?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"नाणं कुठे जातच नाही," किल्लीवाला म्हणाला. "सायकल स्टँडवर सायकल ठेवून आपण बिल्ला घेतो ना, तसं आहे. नाणं इकडे तिजोरीत अडकतं आणि तिकडे त्याच्या नावाचा बिल्ला निघतो. सायकल जागेवर आहे तोवर बिल्ल्याला किंमत. आणि होकार देणाऱ्या, तिजोरी उघडणाऱ्या नऊच्या नऊ किल्ल्या त्या एका बॅगेत आहेत, पिनच्या कागदासकट. मी यांची नियत काढत नाही. पण उद्या ही बॅग टॅक्सीत विसरली तर तिजोरी साफ, आणि तुमच्या हातात नुसते बिल्ले."

"तू जळतोस माझ्यावर," साडू म्हणाला.

"जळतो." किल्लीवाला म्हणाला. "तुमचा कोट पाहिला तरी जळतो. म्हणून तर सगळ्यांना सांगतो, माझ्याही शब्दावर विश्वास ठेवू नका. बॅग उघडा आणि मोजा. कुणीही असला पूल दाखवला तर एवढंच विचारा, किल्ल्या कुणाकुणाच्या हातात आहेत आणि ते हात खरंच वेगळे आहेत का. उत्तर तपासून होईपर्यंत पैसे आपल्याजवळ ठेवा."

ताईने दारातून सगळं ऐकलं होतं. ती आत आली आणि तिने बॅग टेबलावर उपडी केली. पोस्टमास्तर मोठ्याने मोजू लागले आणि नऊवर थांबले. बायकोने फोन पर्समध्ये टाकला.

घरी जाताना ती म्हणाली, "भाड्याचाच गाळा घेते. कुलपं तुम्ही बसवा, दोन. एकाची किल्ली माझ्याकडे, दुसऱ्याची ताईकडे."

"आणि माझ्याकडे?"

"तुमच्याही शब्दावर विश्वास ठेवू नका, असं तुम्हीच म्हणालात ना?"

ती हसून त्याच्याकडे बघत राहिली, मघाशी साडूकडे बघत होती तशी. किल्लीवाला सुखावला. तरी ताईचा थोडा हेवा वाटलाच त्याला, पण ते त्याने बोलून दाखवलं नाही.