चार नंबरची रांग

तक्रारीचा विषय: रांग.

म्हणजे असं बघा. नगरपालिकेच्या तक्रार विभागात दोन खिडक्या, तीन आणि चार. तीनवरचा कारकून बावीस वर्षं मोत्यासारख्या अक्षरात तक्रारी लिहून घेतोय. चारवरच्या बाई येऊन जेमतेम आठ महिने झालेले, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आणि रांग? सगळी चारसमोर!

"इकडे या की, लगेच होईल."

"राहू द्या हो, थांबतो आम्ही."

त्याचा नुसता जळफळाट व्हायचा.

तक्रारीचं कारण: बाई लिहून झालं की नोंदवही फिरवून माणसापुढे ठेवायच्या. "वाचा. चुकलं असेल तर सांगा." गटार महिनाभर दुरुस्त होणार नसेल तर तेही तिथेच लिहायच्या. लोक नकार घेऊन जायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा तिथेच यायचे! हे काही त्याच्या डोक्यात शिरेना.

घडल्याची वेळ: सोमवार. त्याची सख्खी ताई चारच्या रांगेत दिसली.

"अगं ताई, मी इथे बसलोय!"

"दिसतोयस की. तू काय लिहितोस ते दिसत नाही."

रांग हसली. बाईही हसल्या. ते जास्त झोंबलं.

त्याने साहेबांना चिठ्ठी दिली: नोंदवही बाहेरच्यांना दाखवणं नियमात बसत नाही. बसत नव्हतंच. आठवड्याभरात दोन्ही खिडक्यांना काच लागली, खाली पावती सरकवण्यापुरती फट.

परिणाम (हा रकाना अर्जात नसतो): चारची रांग मोडली. तो पेन उघडून वाट बघत बसला. तीनकडेही कोणी फिरकलं नाही. नळाला गढूळ पाणी येत होतं, पण तक्रार एक नाही. साहेब खूश. "बघा, शहरात सगळं आलबेल!"

मग ताई आली. थेट तीनवर.

"लिही. काच का लावली? कुणाच्या सांगण्यावरून?"

"वरून आदेश आला."

"वरून म्हणजे कुठून?"

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"माझ्या," तो पुटपुटला.

"काचेतून ऐकू येत नाही रे. मोठ्याने बोल."

"माझ्या सांगण्यावरून!"

"मग तसं लिही."

त्याने लिहिलं. शब्दन् शब्द. फटीतून पावती सरकवली. पावतीवर नुसता आकडा होता. ताईने ती उलटसुलट करून पाहिली आणि चार नंबरच्या काचेशी गेली.

"अहो बाई, त्याने खरंच लिहिलंय का हो?"

बाई जागच्या उठल्यासुद्धा नाहीत. "लिहिलंय त्यांनी."

आणि ताईला ते लगेच पटलं.