बावन्नशेला वाढली

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी सुताराने घरी बनवलेल्या गिटारची वायर अ‍ॅम्प्लिफायरला जोडली आणि खटका दाबला. तारांना कोणी हात लावला नव्हता. स्पीकरमधून आवाज आला, "पाच हजार दोनशे एक."

खोलीत तिघं होती: सुतार, त्याची वहिनी आणि सोळा वर्षांची पुतणी. समोरच्या इमारतीत कोणीतरी सतरंजी झटकत होतं. "दोनशे दोन," स्पीकर म्हणाला. "दोनशे तीन." आवाज थोरल्या भावाचा होता, आणि त्याला जाऊन सात महिने झाले होते.

वहिनीने हातातला कप टेबलाच्या अगदी कडेला ठेवला.

"काका, बंद कर ना," पुतणी म्हणाली. त्याने बंद केलं तेव्हा आकडा दोनशे एकोणतीसवर होता.

गिटार हे मुळात थोरल्याचं खूळ. तो जळालेल्या मोटारी पुन्हा गुंडाळून द्यायचा. मुलीला गिटार हवी होती, तर दुकानातली कशाला, आपल्या हातची देऊ, असं त्याच्या डोक्यात बसलं. काम वाटून घेतलं: लाकूड धाकट्याचं, तार थोरल्याची. तो गेल्यावर सुताराने त्याच्याच कामाच्या टेबलाची फळी कापून गिटारचं धड केलं आणि जुन्या पलंगाच्या खांबातून दांडी काढली. तारांची थरथर पकडणारी कॉइल तेवढी उरली. केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे आठ हजार वेढे लागतात तिला. ती भावाच्या खणात एका डबीत सापडली. सोबत त्याच्या अक्षरात चिठ्ठी होती: "बावन्नशेला वाढली."

सुताराच्या कामात फळी सूतभर वाढली म्हणजे मापापेक्षा जास्त भरली. वेढे किती लागतात हे त्याला ठाऊक नव्हतं, त्याने तसाच अर्थ लावला. बावन्नशे पुरत होते, दादाने वर आणखी घातले. कॉइल जरा बारीक दिसत होती, पण दादाच्या कामात नाक खुपसायची त्याला सवय नव्हती. त्याने ती बसवून टाकली.

सोमवारी भावाचा भागीदार मीटर घेऊन आला. कॉइलला लावल्यावर काटा जागचा हलला नाही.

"तुटलीय की ही."

"चिठ्ठीत तर वाढली म्हटलंय."

"अहो, आमच्याकडे तार तुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. दुकान बंद केलं म्हणतो का आपण? वाढवलं म्हणतो. सख्खे भाऊ ना तुम्ही?"

"सख्खा आहे. पण सुतार आहे."

"मग बरोबर. तुमच्यात सगळंच वाढतं, घासायला बरं." भागीदार हसला. "ही मुकी कॉइल आहे. टांगून ठेवा शोभेला."

सुताराने खटका दाबला. भागीदाराने दोनशे तीस ते दोनशे छत्तीस ऐकलं आणि तो चहा न घेता उठला. मीटर तिथेच राहिलं. ते न्यायला तो अजून आलेला नाही.

आकडे फक्त खटका दाबलेला असताना पुढे सरकायचे, आणि जिथे थांबले तिथूनच पुन्हा सुरू व्हायचे. सुताराचं म्हणणं होतं, कॉइल काढून नवी घालू. वहिनीने साफ नाही म्हटलं. रोज दुपारी भांडी आवरली की ती खुर्ची ओढून समोर बसे आणि दीडेक मिनिट ऐके.

"अठरा वर्षांच्या संसारात एवढं सलग माझ्याशी कधी बोलले नाहीत," ती म्हणाली. म्हणताना ती हसली, म्हणून सुतारही हसला.

चौथ्या आठवड्यात पुतणी त्याच्या कारखान्यात आली. बोटाला लागलेला सरस सोलत बसली.

"काका, वेढे पुरे भरले की बाबा काय करायचे, माहितीये?"

"काय?"

"हाक मारायचे. एक हात गुंडाळायच्या यंत्राच्या हँडलवर, एकात तार. सोडली तर सगळं सुटतं. मग कोणीतरी जाऊन तार कापायची."

"कोण जायचं?"

"ज्याचं नाव घेतील ते. कधी आई." तिने सरसाची गोळी करून टिचकीने उडवली. "जास्त करून मीच. आणि कोणी गेलं नाही ना, तर तसेच बसून राहायचे. हात अवघडायचे त्यांचे."

सुतार त्याच पावली घरी गेला. वहिनी खुर्चीत होती, स्पीकर बंद.

"वहिनी, पुरे झालं आता."

"तुमचं काय जातंय, भाऊजी?"

"हाक कोणाला येईल, सांगता येत नाही."

"मला येईल."

"आणि पोरीला आली तर?"

"तिला आली तरी उठणार मीच." मग तिने गिटारवरची धूळ पदराने पुसली. "आजचा आकडा सात हजार नऊशे एक्क्याण्णव. नऊ राहिलेत. म्हटलं, तुम्ही आलात की लावू."

सुताराने पेचकस काढला. तिने अडवलं नाही, ती नुसती बघत राहिली. चार स्क्रू निघाले आणि कॉइल वर आली. बसवली तेव्हा तिच्या कडेला नखाएवढी जागा मोकळी होती. आता तार काठोकाठ होती. वेढे दादाच्या हातचे असायचे तसे, एकाला एक चिकटून. फक्त वरच्या काठाशी पुसटशी फट होती, आणि तारेचं एक टोक बाहेर, ताठ, कोणीतरी धरून ठेवल्यासारखं.

ते कापायला त्याचा हात धजला नाही. त्याने कॉइल पुन्हा बसवली, गिटार कापडात गुंडाळली आणि कारखान्यात नेऊन दाराला कुलूप घातलं.

किल्ली त्याच्याकडेच आहे. वहिनीने ती दोनदा मागितली. पुतणीने एकदा मागितली, तीही आईला सांगू नकोस म्हणून. दोघींना त्याने सांगितलं की किल्ली सापडत नाही.

आज दुपारी दीड वाजता त्याने एक लहान अ‍ॅम्प्लिफायर विकत आणला आणि कारखान्यात गिटारशेजारी ठेवला. दार आतून लावलेलं आहे. अ‍ॅम्प्लिफायर अजून जोडलेला नाही.