पुलाचं मोकळं टोक
खांबाच्या माथ्यावरच्या लोखंडी पाटावर बोटभर रुंदीचा चकचकीत पट्टा असायला हवा होता. रेल्वेपुलाच्या या टोकाखाली रोलर असतात. उन्हाने पोलाद वाढलं की पूल त्यांच्यावर किंचित पुढे सरकतो, गार झालं की मागे येतो, आणि त्या घासण्याने तेवढा पट्टा आरशासारखा राहतो. आता तिथे पट्टा नव्हता. रोलरही दिसत नव्हते. गुळगुळीत सिमेंट होतं आणि त्यावर चंदेरी रंग.

पुलांची तपासणी करणाऱ्या इंजिनिअरबाईंनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा थंडी होती. हा पराक्रम शताब्दी समितीचा. समितीने फलकासाठी 'अढळ' हा शब्द निवडला. मग कुणाला तरी दिसलं की अढळ पुलाखाली फट आहे, फोटोत वाईट दिसेल. लगेच बुजवली. बांधणाऱ्यांनी हलायला जागा ठेवली म्हणून पूल शंभर वर्षं टिकला, एवढं कळायला डोकं लागतं. समितीकडे बिल्ले होते.

अध्यक्ष म्हणजे तिचे सख्खे मामा, खात्याचे मुख्य इंजिनिअर, तिला बोट धरून या कामात आणणारे. तिने घरी जेवताना विषय काढला, तर ते हसले. पुन्हा काढला, तर मामींनी भाजी वाढली. शेवटी मामा म्हणाले, सोहळा होऊ दे, मग सिमेंट फोडू. पूल बंद करायचा अधिकार तिलाही होता. पण मामांचं नाक कापल्यासारखं होईल म्हणून ती मूग गिळून बसली.

सोहळ्याच्या दिवशी ऊन चढलं. खांबाच्या माथ्यावर कालपर्यंत केसाएवढी असलेली भेग आता नख शिरेल एवढी झाली होती. ते पाहून ती तडक स्टेशनात आली. पाहुण्यांना पुलावरून नेणारी खास गाडी सुटायच्या बेतात होती. मामा माइक फुंकून बघत होते.

"मामा, खांब फाटतोय."

"इथे साहेब म्हण. शंभर वर्षं तसूभर हलला नाही हा पूल, आज बरा हलेल?"

"हलू देत नाही आपण, तेच तर दुखणं आहे."

"तुझी आई म्हणायचीच, या पोरीला खिरीतसुद्धा खडा सापडतो." भोवतालचे बिल्लेवाले खुसखुसले. मामांनी आवाज खाली आणला. "एक गाडी जाऊ दे गं. मामासाठी."

म्हणजे धोका त्यांना कळला होता. केव्हापासून, कोण जाणे. पहिल्याच डब्याच्या खिडकीत मामी बसल्या होत्या, नव्या साडीत, तिच्याकडे बघून हात हलवत. या माणसाने बायकोलासुद्धा गाडीत बसवलं होतं, भाषण वाया जाऊ नये म्हणून.

ती वळली. स्टेशनमास्तरांनी हिरवा झेंडा उलगडायला घेतला होता. तिने त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"मास्तर, गाडी सोडायची नाही. पूल मी बंद केलाय."