आधी उघडलेलं पाकीट

"ताई, कात्री घ्या. हाताने फाडू नका," परीक्षक म्हणाला. निविदाताईंचा हात तोवर पाकिटांकडे गेला होता.

इस्पितळाच्या खरेदी विभागात बावीस वर्षं निविदा उघडल्या, म्हणून त्यांना हे नाव पडलं. आता वरून फर्मान आलं होतं: खरेदीतल्या प्रत्येकाने क्षमता चाचणी द्यायची. नापास झालात, तर टेबल सोडून आवक-जावकच्या खिडकीत टपालावर शिक्के मारत बसायचं. ताईंची निवृत्ती तीन वर्षांवर आली होती. "आई, तू अख्ख्या ऑफिसला शिकवलंस, तुला कसली भीती?" असं म्हणत लेकीने सकाळी नियम घोकून घेतले होते. पण परीक्षा म्हटली की भल्याभल्यांची गाळण उडते.

लेखी पेपर कसाबसा निभावला. प्रात्यक्षिकाला टेबलावर तीन पुरवठादारांची लुटुपुटूची पाकिटं होती, प्रत्येकाची दोन. आधी तांत्रिक पाकीट उघडून माल कसाला उतरतो का पाहायचं. उतरला, तरच दराचं उघडायचं. दर आधी दिसला की माणसाची नजर फिरते. हे ताईंना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आलं असतं. दराचं पाकीट निळं असावं, हा रिवाज त्यांच्या ऑफिसात त्यांनीच पाडलेला. त्यांनी पांढरं उचललं आणि कापलं.

आतून दरपत्रक निघालं.

इथे निळ्यात तांत्रिक कागद होते. पाकिटावर ठळक लिहिलेलंही होतं, ताईंनी वाचलंच नव्हतं.

परीक्षक दाराशी पाठमोरा फोनवर बोलत होता. शेजारच्या टेबलाशी त्यांच्याच इस्पितळाचा भांडारपाल परीक्षेला बसला होता. तो कुजबुजला, "ताई, हा गम घ्या. चिकटवा पटकन. कोण बघतंय?"

"अरे, दर मी बघितला ना!"

"खोटी पाकिटं आहेत हो ती. कुणाचं काय बिघडतंय?"

ताईंनी बाटली घेतली. झाकणही उघडलं. तीन वर्षं ती खिडकी, ते शिक्के, आणि संध्याकाळी लेकीला काय तोंड दाखवायचं? त्यांना रडू येत होतं आणि स्वतःचा भयंकर रागही. एवढी जाणती बाई, आणि पाकिटावरची दोन अक्षरं वाचता येऊ नयेत!

त्यांनी झाकण लावलं आणि नोंदवही पुढे ओढली.

परीक्षक परतला तेव्हा त्या लिहीतच होत्या. "दराचं आधी उघडलं?" त्याने विचारलं.

"हो. चूक माझी. वेळ घालून नोंद केलीय. या निविदा आता रद्द कराव्या लागतील."

तो घुटमळला. "ताई, या चुकीला थेट नापास धरतात. फेरपरीक्षाही नाही."

"ठाऊक आहे. साक्षीदार म्हणून इथे सही करा."

त्याने खुर्ची ओढली, नोंद सावकाश वाचली आणि सही केली. ताईंनी वही आपल्याकडे वळवून घेतली, चष्मा सारखा करून पाहिलं आणि ती परत त्याच्यापुढे सरकवली.

"सर, तारीख राहिली," त्या म्हणाल्या.